तिरंग्यावरील चक्र : चरखा की धम्मचक्र?

दरवर्षी ९ सप्टेंबर आला की वडूजमध्ये हुतात्म्यांना अभिवादन होते. १९४२ साली याच दिवशी खटाव तालुक्यातील शेतकरी-कष्टकऱ्यांचा मोर्चा वडूजच्या मामलेदार कचेरीवर तिरंगा लावण्यासाठी निघाला होता. मोर्च्याच्या अग्रभागी हातात तिरंगा घेऊन असलेले परशुराम घार्गे पोलिसांच्या गोळीबारात धारातीर्थी पडले, आणि त्यांच्याबरोबर आणखीही काही जण. येरळेच्या काठी राहणाऱ्या प्रत्येक घराला ही हकिकत ठाऊक आहे. तेव्हा तिचा विस्तार येथे करीत नाही.

आमच्या मंडळाच्या विद्यार्थी अभ्यासवर्गासाठी या प्रसंगाचा एक रंगीत फलक आम्ही तयार करून घेतला होता. चित्र चांगले उतरले होते. परंतु नववीत शिकणाऱ्या एका मुलीने उभे राहून विचारले, "बेचाळीस साली झेंड्यावर अशोकचक्र होते का?" आम्ही वडीलधारी मंडळी एकमेकांकडे पाहू लागलो. नव्हते! घार्गे यांच्या हातातील झेंड्यावर चरखा होता. चक्र आले ते पाच वर्षांनी, १९४७ मध्ये. चूक आमचीच होती. चित्रकाराने आम्ही सांगितले तसे काढले होते.

त्यावरून अभ्यासवर्गात जो वाद रंगला तो तासभर चालला. एक जण म्हणाला, चक्र म्हणजे आपले धम्मचक्र, बाबासाहेबांनी ते झेंड्यावर आणले. दुसरा म्हणाला, छे, गांधीजींच्या चरख्याचेच ते चाक आहे, शाळेत तसेच शिकवले. तिसऱ्याने कोणा वक्त्याच्या तोंडून ऐकले होते की हे श्रीकृष्णाचे सुदर्शनचक्र होय. तिघेही आपापल्या ठिकाणी ठाम होते आणि तिघांपैकी एकानेही मूळ कागद पाहिलेला नव्हता. हा लेख त्या वादातून जन्मला आहे.

प्रथम चरखा कोठून आला ते पाहू. १९२१ साली बेझवाडा येथे काँग्रेसच्या बैठकीच्या वेळी आंध्रातील पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना लाल व हिरव्या अशा दोन रंगांचा ध्वज दाखवला. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, असा त्याचा अर्थ होता. चरखा असावा ही सूचना जालंधरचे लाला हंसराज यांची. इतर धर्मीयांसाठी पांढरा पट्टा गांधीजींनी वाढवायला सांगितला. म्हणजे सुरुवातीला हा झेंडा धर्मांच्या वाटणीचा होता. वाटणी आली की तक्रार आलीच. शीख बांधव म्हणाले, आमचा रंग कोठे आहे? त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शिवाय जो माणूस धर्माच्या कोणत्याच खात्यावर धड मोजला जात नव्हता, ज्याला देवळाची पायरी आणि गावची विहीर बंद होती, त्याचा पट्टा कोणता, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारल्याचे दिसत नाही.

हा गुंता सोडवण्यासाठी एप्रिल १९३१ मध्ये काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. तीत वल्लभभाई पटेल, जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभि सीतारामय्या, डॉ. ना. सु. हर्डीकर आणि काकासाहेब कालेलकर होते. काकासाहेबांचा जन्म १८८५ सालचा, आपल्या साताऱ्याचा, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. या समितीने सुचवले की ध्वज संपूर्ण केशरी, एकरंगी असावा आणि त्याच्या कोपऱ्यात चरखा असावा. ही शिफारस मान्य झाली नाही. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईच्या बैठकीत केशरी, पांढरा, हिरवा असे तीन आडवे पट्टे आणि मध्ये निळा चरखा हे रूप ठरले. त्याच वेळी आणखी एक गोष्ट झाली, आणि आमच्या मते ती रंगांपेक्षा महत्त्वाची होती. या रंगांना कोणताही जातीय अथवा धार्मिक अर्थ नाही, असे ठरावातच स्पष्ट केले गेले. केशरी धैर्य व त्यागाचा, पांढरा सत्य व शांतीचा, हिरवा श्रद्धा व शौर्याचा, आणि चरखा सामान्य जनतेच्या आशेचा.

हाच झेंडा बेचाळीसच्या ऑगस्ट-सप्टेंबरात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील कचेऱ्यांवर चालून गेला. २४ ऑगस्टला कराड, ३ सप्टेंबरला तासगाव, ९ तारखेला वडूज, १० तारखेला इस्लामपूर. तासगावला तो कचेरीवर चढला. वडूजला त्याच्यासाठी माणसे पडली.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. स्मरणिकेत ती सहसा लिहिली जात नाही. आमच्या समाजातील अनेक वाडवडील त्या झेंड्याखाली नव्हते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली होती. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. चरख्याचा तिरंगा हा त्या काळी एका पक्षाचा झेंडा होता, आणि तो पक्ष पुणे करारानंतर दिलेला शब्द पाळत नाही अशी आमच्या माणसांची तक्रार होती. म्हणून ते दूर राहिले. याचा अर्थ ते देशाच्या विरुद्ध होते असा काढणारे पुष्कळ भेटतात. तसेच वडूजला गोळी खाणाऱ्यांचे मोल कमी लेखणारेही आपल्यात क्वचित भेटतात. दोन्ही गोष्टी आम्हांस मान्य नाहीत. झेंडा तोच, पण तो पाहणारा कोठे उभा आहे त्यावर त्याचा अर्थ बदलतो, एवढे यातून कळते.

आता १९४७. स्वातंत्र्य दाराशी आले तेव्हा पक्षाचा झेंडा तसाच्या तसा राष्ट्राचा करायचा काय, हा प्रश्न उभा राहिला. २३ जून १९४७ रोजी घटना समितीने डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली ध्वज समिती नेमली. मौलाना आझाद, राजगोपालाचारी, सरोजिनी नायडू, कन्हैयालाल मुन्शी यांच्याबरोबर डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे या समितीचे सभासद होते. ही गोष्ट कागदोपत्री सिद्ध आहे.

याच दिवसांतील एक प्रसंग धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदवला आहे. बाबासाहेब दिल्लीला निघाले असता हिंदुमहासभेचे व काही मराठा पुढारी त्यांना सांताक्रूझ विमानतळावर भेटले आणि त्यांनी भगवा ध्वज त्यांच्या हाती दिला. लोकांतून तशी चळवळ झाली तर आपण पाठिंबा देऊ, असे बाबासाहेबांनी त्यांना सांगितले. चळवळ काही झाली नाही. भगव्याचे पुरस्कर्ते हा प्रसंग आजही सांगतात. आपल्यातील काही जणांना तो अडचणीचा वाटतो व ते तो टाळतात. टाळण्याचे कारण नाही. वारकऱ्याची पताका भगवी, छत्रपतींचा झेंडा भगवा आणि भिक्खूचे चीवरही त्याच कुळीचे. रंग कोणाचे ताबेगहाण नसतात. बाबासाहेबांनी पुढे पाळले ते समितीचे मत, आणि ते तिरंग्याचे होते.

१४ जुलैला समितीने निर्णय केला. २२ जुलै १९४७ रोजी पंडित नेहरूंनी घटना समितीत ठराव मांडला. या ठरावातील शब्दरचना विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी, कारण सगळ्या वादाचे मूळ तिच्यात आहे. केशरी, पांढरा व गडद हिरवा असे सारख्या रुंदीचे तीन आडवे पट्टे, पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी गडद निळ्या रंगाचे चाक, आणि लांबी-रुंदीचे प्रमाण सामान्यतः तीनास दोन, असे वर्णन त्यात आहे. चाकाबद्दल दोन गोष्टी म्हटल्या आहेत. एक, हे चाक चरख्याचे प्रतीक म्हणून आहे. दोन, त्याची आकृती सारनाथ येथील अशोकाच्या सिंहस्तंभाच्या शीर्षावरील चक्राची आहे.

म्हणजे आमच्या अभ्यासवर्गातील पहिले दोघेही निम्मे निम्मे बरोबर होते! अर्थ चरख्याचा सांगितला आणि रूप धम्मचक्राचे घेतले. राहिले सुदर्शनचक्र. ठरावात त्याचे नावही नाही.

पूर्ण चरखा का काढला याचे कारण नेहरूंनी भाषणात सांगितले, ते अगदी व्यवहारातले आहे. झेंडा दोन्ही बाजूंनी दिसतो. चरख्याला एका बाजूस चाक आणि दुसऱ्या बाजूस चाती. मधे दोरी. पुढून पाहिला तर चाक एकीकडे, मागून पाहिला तर दुसरीकडे. एका बाजूने चित्र बरोबर दिसले तर दुसऱ्या बाजूने उलटे. म्हणून चाती व दोरी गेली आणि चाक तेवढे राहिले. मग चाक कसले घ्यायचे? तेव्हा अशोकाचे चाक सुचले, आणि त्या निमित्ताने अशोकाचे नाव ध्वजाशी जोडले गेले याचा आनंद नेहरूंनी व्यक्त केला.

कारण एवढेच असेल असे आम्हांस वाटत नाही. चाती गेली तेव्हा पक्षाची खूणही गेली. काँग्रेसचा झेंडा आणि राष्ट्राचा झेंडा यांत फरक राहिला तो या चाकाएवढाच. ज्या वाडवडिलांनी चरख्याच्या झेंड्याला हात लावला नव्हता, त्यांना चक्राच्या झेंड्याखाली उभे राहणे सोपे झाले. आमच्या लेखी त्या बदलाचे खरे मोल हे आहे. ते कोणत्याही ठरावात लिहिलेले सापडणार नाही.

गांधीजींना हा बदल रुचला नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये लाहोरला त्यांनी सांगितले की ध्वजावर चरखा नसेल तर मी त्याला वंदन करणार नाही. 'हरिजन'मध्ये मात्र त्यांनी अधिक समजुतीने लिहिले. चक्र पाहून कोणाला शांतिप्रिय अशोकाची आठवण होईल आणि चरख्याचा अर्थही त्यात राहील, तर हरकत नाही असा त्यांचा सूर होता. ते सुदर्शनचक्र मानून त्यात शस्त्र पाहणे मात्र त्यांना पटणारे नव्हते. सुदर्शनाची गोष्ट त्या काळीही कोणी तरी बोलत होते, हे यावरून दिसते.

घटना समितीतील त्या दिवसाची भाषणे वाचण्यासारखी आहेत. ह. वि. कामत यांनी चक्राच्या आत स्वस्तिक असावे अशी दुरुस्ती दिली होती, ती त्यांनी मागे घेतली. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी चक्राचा अर्थ धर्माचे, नियमाचे चक्र असा लावला. चाक म्हणजे गती, साचलेपणात मरण आहे, हे त्यांचेच विवेचन. नागपूरचे हे. जा. खांडेकर यांनी ठरावाला पाठिंबा देणारे भाषण केले. आदिवासींचे नेते जयपालसिंग यांनी आमच्याकडे गावोगावचा स्वतंत्र झेंडा असतो, हे सभेच्या लक्षात आणून दिले. या भाषणांत बाबासाहेबांचे भाषण नाही. मग बाबासाहेबांनी चक्र आणले हे म्हणणे कशाच्या आधारे?

त्याला आधार आहे, पण तो जेवढा आहे तेवढाच सांगावा. एक तर ते समितीचे सभासद होते. दुसरे, १९५४ च्या सुमारास आपण बौद्ध धम्मासाठी काय काय केले हे सांगताना बाबासाहेबांनी घटनेतील पाली भाषेची तरतूद, राष्ट्रपती भवनावरील बौद्ध वचन आणि अशोकचक्राचा राष्ट्रीय प्रतीक म्हणून झालेला स्वीकार यांचा उल्लेख केला, असे कीरांच्या चरित्रात आहे. एवढा आधार भक्कम आहे. परंतु 'एकट्या बाबासाहेबांनी सर्वांचा विरोध मोडून चक्र बसवले' अशी जी वर्णने गाण्यांतून व भाषणांतून ऐकू येतात, त्यांना हा आधार पुरत नाही. चक्राचे श्रेय सांगणारे इतरही आहेत. ध्वजाचा नमुना प्रत्यक्ष तयार करण्याचे श्रेय बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या पत्नी सुरय्या यांना दिले जाते. चरख्याऐवजी चक्र घ्या अशी तार सावरकरांनी केली होती, असे त्यांचे अनुयायी सांगतात. चांगल्या गोष्टीला बाप फार असतात, असे समजून आपण पुढे जावे. परीक्षेत प्रश्न आला तर "डॉ. आंबेडकर ध्वज समितीचे सभासद होते" एवढे लिहावे, एकही गुण जाणार नाही.

आता सारनाथच्या चक्राकडे वळू, कारण रूपाचा अर्थ रूपातच असतो. तथागतांनी पाच परिव्राजकांना पहिला उपदेश दिला ते ठिकाण सारनाथ, तेव्हाचे ऋषिपतन मृगदाव. आषाढी पौर्णिमेच्या त्या उपदेशालाच धम्मचक्रप्रवर्तन म्हणतात. दोन-अडीचशे वर्षांनी सम्राट अशोकाने तेथे स्तंभ उभारला. १९०४-०५ च्या उत्खननात ओर्टेल या अधिकाऱ्यास त्याचे शीर्ष सापडले. पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह, त्यांच्या पायाखाली गोल बैठक, आणि त्या बैठकीवर हत्ती, बैल, घोडा, सिंह असे चार प्राणी व त्यांच्यामध्ये चार चक्रे. प्रत्येक चक्राला २४ आरे. ध्वजावरचे चक्र ते हे. सिंहांच्या मस्तकावर आणखी एक मोठे चक्र होते, त्याचे तुकडे सापडले. त्याला ३२ आरे होते असे अभ्यासक सांगतात. ते अखंड मिळाले असते तर राजमुद्रा कशी दिसली असती, याची कल्पना विद्यार्थ्यांनी करून पाहावी. सिंहस्तंभ पाहण्यासाठी काशीपर्यंत जाण्याची ऐपत नसेल तर कार्ल्याला जावे. तेथे चैत्यगृहासमोर चार सिंहांचा स्तंभ उभा आहे.

स्तंभ अशोकाचा, जागा पहिल्या उपदेशाची, तेव्हा चक्र धम्माचे आहे यात शंका घेण्यास जागा नाही. ठरावाने त्याला चरख्याचे प्रतीक म्हटले म्हणून दगडावरचा अर्थ पुसला जात नाही.

२४ आऱ्यांचे मात्र फार अर्थ झाले आहेत. कोणी दिवसाचे २४ तास म्हणतो, कोणी २४ गुणांची यादी देतो, कोणी २४ तीर्थंकर. आपल्याकडे प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्या अनुलोम व बारा प्रतिलोम अशी जुळणी सांगतात. ती आम्हांस आवडते, हे कबूल करतो. पण १९४७ च्या ठरावात यांपैकी एकही अर्थ नाही, २४ हा आकडाही नाही. आकडा सारनाथच्या दगडात आहे आणि पुढे ध्वजाच्या नियमांत आला. विहारात पंचशील ध्वजाबाबतही असेच होते. पाच रंग म्हणजे पाच शीले असे मुले पाठ करतात. वस्तुतः तो ध्वज १८८५ साली श्रीलंकेत तयार झाला आणि त्यातील रंग तथागतांच्या देहप्रभेचे मानले जातात.

मग ध्वजावरचे चक्र 'आपले' म्हणायचे की नाही? आम्ही म्हणतो, ओळख आपली आहे, मालकी आपली नाही. चक्र आपले असे म्हटले की केशरी त्यांचा, हिरवा यांचा, असे म्हणण्याचा हक्क इतरांना आपोआप मिळतो आणि गाडी फिरून १९२१ च्या ठिकाणी येते. खुद्द अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात कारण नसताना स्वपंथाची स्तुती व परपंथाची निंदा करू नये असे बजावले आहे. त्याचे शिलालेख आपल्या महाराष्ट्रातही आहेत. सोपाऱ्याला आठव्या व नवव्या लेखांचे तुकडे मिळाले आहेत.

चरख्याचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. चित्रातून तो गेला, पण कापडात राहिला. हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या कापडाचाच राष्ट्रध्वज असावा असा नियम होता. हुबळीजवळच्या बेंगेरीला आणि आपल्याकडे नांदेडला असे खादीचे ध्वज बनतात. भारतीय मानकांमध्ये क्रमांक एकचे मानक राष्ट्रध्वजाचे आहे, ते १९५१ सालचे. २००२ पासून सामान्य नागरिकाला वर्षभर घरावर ध्वज लावण्याची मोकळीक मिळाली. डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलून यंत्रावर विणलेले व पॉलिस्टरचे ध्वजही चालतील असे ठरले. तेव्हापासून कापडातला चरखाही सक्तीचा राहिलेला नाही. गांधीजी असते तर दुसऱ्यांदा नाराज झाले असते.

गेल्या स्वातंत्र्यदिनी बाजारातून आणलेल्या ध्वजांवरचे आरे आम्ही मुलांना मोजायला सांगितले. एकावर २२ भरले. दुसऱ्यावर चक्र अंडाकृती होते. मुलांना यात इतकी गोडी लागली की शाळेच्या वह्या-पुस्तकांवरची चक्रेही त्यांनी मोजून काढली.

फलक आता दुरुस्तीला दिला आहे. चक्र पुसून तेथे चरखा काढायचा आहे. चित्रकाराने काम हाती घेतले आणि दुसऱ्याच दिवशी निरोप पाठवला, "चरख्याचे चाक डाव्या अंगाला काढू की उजव्या?" त्याला आम्ही १९३१ च्या झेंड्याचे जुने छायाचित्र शोधून देणार आहोत. तोपर्यंत फलकावर पांढरा पट्टा कोरा आहे.